पहाटे इंजिन घेतच नाही, सेल्फ सात-आठ वेळा मारावा लागतो. बोरिंग करायचं का?

वेसाव्याचा_पोर

नमस्कार मंडळी. आमची बोट वेसाव्याच्या खाडीत, डोलीची (पाण्याच्या ओढीत लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याची). बोंबील, करंदी, जवळा. इंजिन सहा सिलिंडरचं, मुळात ट्रकवरचं, गिअर लावून मरीन केलेलं. बाबांनी घेतलं तेव्हा मी शाळेत होतो, म्हणजे पंचवीस वर्षं तरी झाली. डायरेक्ट इंजेक्शन, नोझलना डिझेल दाबून देणारा लाइनवाला पंप, 24 व्होल्टचा सेल्फ (स्टार्टर मोटर), 12 च्या दोन बॅटऱ्या. ग्लो प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) वगैरे काही नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून ताप सुरू झालाय. पहाटे सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. दहा-पंधरा सेकंद मारायचं, थांबायचं, परत मारायचं. सातव्या-आठव्या वेळी एक-दोन सिलिंडर पेटतात, बोट हादरते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि मग हळूहळू सगळे लागतात. अर्ध्या मिनिटात धूर साफ. त्यानंतर दिवसभर तक्रार नाही. जाळं ओढताना बंद करून परत चालू केलं तर हात लावला की लागतं. ताकद कमी वाटत नाही, तेलही खात नाही, म्हणजे आठवड्याला अर्धा लिटर, ते आधीपासूनच.

आत्तापर्यंत दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. एक बॅटरी गेल्या गणपतीत नवी घेतली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने नुसता आवाज ऐकून सांगितलं, "कॉम्प्रेशन गेलं, लायनर-पिस्टन-रिंग सगळं काढा, पावणेदोन लाख धरा." हे बोरिंगचं काम पावसाळी बंदीतच होणार, 1 जूनच्या आधी बोट वर काढणं परवडणार नाही. बाबा म्हणतात, थंडी आहे, हवेच्या तोंडाशी पेटतं फडकं धर, आमच्या वेळी तेच करायचो.

माझा प्रश्न एवढाच. पावणेदोन लाख घालायच्या आधी मी स्वतः काय तपासू शकतो?

मढचा_तांडेल

दादूस, एवढं कशाला डोकं लावतोस. स्प्रे मिळतो, इथरचा. हवेच्या पाइपात एक फुस्स मारायचा, पहिल्या सेल्फला उडतं. आमच्याकडे दोन बोटी तशाच चालल्यात तीन वर्षं. थंडी गेली की आपोआप नीट.

इंजिनरूम_निवृत्त

तांडेल, तुझ्या बोटी तीन वर्षं चालल्या त्या नशिबाने, स्प्रेने नाही. इथर डिझेलच्या कितीतरी आधी पेटतो, पिस्टन वर चढत असतानाच. तो जो 'ठक्' आवाज येतो ना, तो पिस्टन खाली ढकलला जाण्याचा, तेही अजून वर जात असताना. रिंग तुटतात, रिंगेच्या खाचांमधली भिंत तुटते. शिवाय सवय लागते: आज एक फुस्स, पुढच्या वर्षी तीन. फडक्याचं तर बोलूच नका. इंजिनरूममध्ये डिझेलचा वास, वर नायलॉनची जाळी, आणि हातात पेटता बोळा. बाबांना माझा नमस्कार सांग, पण हे करू नकोस.

आता मुद्द्याचं. मी बंदरातल्या टगवर आणि लाँचवर मिळून एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. दर जानेवारीत हीच ओरड ऐकली. "थंडीमुळे घेत नाही." अरे, मुंबईत थंडी असते कुठे? सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान 7.4 अंश, 22 जानेवारी 1962 ला. तुझ्याकडे पहाटे फार तर पंधरा-सोळापर्यंत उतरत असेल. वर तुझी बोट पाण्यात आहे आणि खाडीचं पाणी हवेपेक्षा गरमच असतं. हिमाचलात याच जातीच्या इंजिनांचे ट्रक शून्याला चालू होतात. धडधाकट इंजिनाला सोळा अंश म्हणजे काहीच नाही.

मग डिसेंबरातच का सुरू झालं? तर हिशेब बघ. तुझं इंजिन हवा साधारण सतराव्या हिश्शात दाबत असेल. कागदावर, काही गळती नाही असं धरलं, तर हवा आत शिरताना दहा अंश थंड असली की दाबल्यावर ती तीसेक अंश थंड राहते. कागदावर दाबलेली हवा सहाशे अंशांच्या पुढे जाते, म्हणून तीस अंश गेले तरी फरक पडत नाही. पण खरं इंजिन सेल्फवर फिरताना रिंगेतून हवा निसटते, गार लायनर आणि पिस्टन उष्णता खातात, आणि ते सहाशे बरेच खाली येतात. जितकं हळू फिरेल तितकी हवा जास्त निसटते, जास्त गार होते. म्हणजे तुझ्या इंजिनात आधीपासून काहीतरी काठावर आलं होतं. ऑक्टोबरात ते निभावलं, डिसेंबरात ते तीस अंश कमी पडले.

हे 'काहीतरी' चार ठिकाणी असू शकतं: सेल्फ पुरेसा जोरात फिरवत नाही, डिझेल वेळेवर पोचत नाही, नोझल नीट फवारत नाही, किंवा खरंच कॉम्प्रेशन गेलंय. तुझा मेकॅनिक थेट चौथ्यावर गेला, कारण पैसा तिथे आहे. मी म्हणतो पहिल्यापासून ये, कारण पहिली दोन फुकटात तपासता येतात.

उद्या पहाटे एवढं कर. साधा मल्टीमीटर घे, दोन-तीनशेचा चालेल. दुसऱ्याला सेल्फ मारायला लाव आणि सेल्फ चालू असताना मोज, नंतर नाही. प्रत्येक बॅटरीचं वेगळं. मग दोन्ही मिळून, टोकाच्या खांबांवर. मग सेल्फवर: जाड केबल जिथे बसते तो बोल्ट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये. आणि शेवटचं, बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये. मीटरची सुई खांबाच्या शिशावर टेकव, थिंबलवर (केबलच्या टोकाच्या कडीवर) नको.

दुसरं. सेल्फ मारताना, इंजिन लागायच्या आधी, सायलेन्सरमधून धूर येतो का? पहिल्या सेल्फला येतो की तिसऱ्या-चौथ्याला? हे नीट बघ. इंजिन फिरतंय आणि धूर नाही, म्हणजे डिझेल आतच जात नाही. पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. दोन्हींचे रस्ते वेगळे.

तिसरा प्रश्न, आणि हा तू सांगितला नाहीस: इंजिन गार असतं म्हणून घेत नाही, की बराच वेळ उभं असतं म्हणून? पहाटे दोन्ही गोष्टी एकत्र असतात म्हणून लोक फसतात.

आणि सेल्फ पंधरा सेकंद नको. दहाच्या वर जाऊ नकोस आणि मध्ये मिनिटभर सोड, नाहीतर सेल्फचं वाइंडिंग जळून तिसराच खर्च येईल.

पुणे_डिझेलप्रेमी

माझ्या जुन्या जीपला असंच व्हायचं. ग्लो प्लग बदलले, एका दिवसात प्रश्न मिटला. ते बघा आधी.

इंजिनरूम_निवृत्त

त्याने पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की ग्लो प्लग नाहीत. तुमच्या जीपचं जुनं इंजिन प्री-चेंबरचं असणार, म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं, त्यात चेंबरची भिंत उष्णता फार खाते म्हणून प्लग लागतात. डायरेक्टवाल्या जुन्या इंजिनांना बहुतेक नसतातच. ज्यांना असतात त्यांनी मात्र तेच आधी बघावं, हे तुमचं बरोबर.

धक्क्यावरची_बाय

मला इंजिनातलं कळत नाही, पण बोट माझ्या नावावर आहे आणि हिशेब मी ठेवते. भाऊच्या धक्क्यावर आमच्याही एकाने असंच "बोरिंग करा" सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी. मी त्याला म्हटलं, कॉम्प्रेशनचं गेज लावून दाखव, सहाही सिलिंडरचा आकडा मला कागदावर पाहिजे. तर म्हणतो गेज आणलं नाही. दुसरा आणला, त्याने अडॅप्टर लावून मोजलं, आकडे चांगले निघाले. फॉल्ट निघाला स्टॉपच्या केबलीत. मिठाने जाम झालेली, पूर्ण मागे जातच नव्हती, म्हणून पंप अर्धवट बंदच राहायचा. सहाशे रुपयांत नवी केबल. बाळा, कागद मागितल्याशिवाय पैसे काढू नकोस.

इंजिनरूम_निवृत्त

बाय, लाखातलं बोललात. स्टॉपची केबल मी विसरलोच होतो. पोरा, पंपावरचा तो दांडा हाताने चालूच्या बाजूला ढकलून बघ, अजून थोडा सरकला तर केबल दोषी. काही पंपांवर जादा डिझेलचं बटणही असतं, गार इंजिनासाठीच. रेस पूर्ण उघडून ते दाबायचं, मगच ते अडकतं. अनेक बोटींवर ते रंगाखाली गाडलेलं असतं, कुणाला माहीतही नसतं. दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी रंग काढायचा आणि दिसेल त्यावर फासायचा, ही आपल्याकडची रीत. पितळेच्या टॅगपासून अर्थिंगच्या बोल्टापर्यंत सगळं एका रंगात!

मांडवा_लाँच

मध्ये एक विचारतो. माझी छोटी लाँच आहे, चार सिलिंडर. मलाही सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. हेच सगळं लागू होतं का?

इंजिनरूम_निवृत्त

लागू होतं, पण तुम्हाला एक जास्तीचा धोका. डोलीच्या बोटींचा सायलेन्सर बहुतेक सरळ वर, कोरडा. तुमच्या लाँचमध्ये समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असेल, मागून धुरासोबत पाणी बाहेर पडतं तसं. सेल्फ मारताना पाण्याचा पंप फिरतोच, पण इंजिन पेटलेलं नसतं म्हणून ते पाणी बाहेर फेकायला गॅस नसतो. सायलेन्सर भरत जातो आणि एका मर्यादेनंतर खारं पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. मग पुढच्या सेल्फला पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं वाकलेलं इंजिन मी उघडलंय, मालकाला वाटत होतं बॅटरी उतरली. दोन-तीन सेल्फमध्ये लागलं नाही की समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा, मग सेल्फ मारा, आणि इंजिन लागल्याबरोबर पहिल्यांदा तो कॉक उघडा. विसरलात तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतला रबरी पंखा) जळेल, म्हणून किल्लीला एक दोरी बांधा आठवणीसाठी.

वेसाव्याचा_पोर

काका, सगळं केलं. धाकट्या भावाला सेल्फवर बसवला आणि मी मीटर घेऊन खाली. आकडे देतो.

सेल्फ न मारता: नवी बॅटरी 12.6, जुनी 12.3.
सेल्फ मारताना: नवी 10.8, जुनी 8.4. दोन्ही मिळून 19.2. सेल्फवर मात्र 17.3 च.
निगेटिव्ह खांब ते सेल्फची बॉडी: 1.5.

धूर: पहिल्या तीन सेल्फला काहीच नाही. चौथ्यापासून पांढरा, डोळ्यात पाणी आणणारा.

आणि तुमचा तिसरा प्रश्न. त्यावर दोन दिवस विचार करत होतो, मग उत्तर आपोआप मिळालं. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नाही, म्हणून बोट दोन दिवस जागेवरच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला चालू केली, अंगातून घाम गळत होता. तरी चार सेल्फ लागले आणि पहिल्या दोनांना धूर नव्हता. म्हणजे थंडी नव्हती तरी त्रास झाला. बाबा गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले, "हवा घेतंय."

केबल बघितली, बरोबर आहे. जादाचं बटण खरंच रंगाखाली होतं!

इंजिनरूम_निवृत्त

बाबांना माझ्याकडून चहा. बरोबर बोलले.

तुझ्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत आणि ती एकमेकांना झाकतायत. फिल्टर बदलून फरक पडला नाही, एक बॅटरी नवी असूनही त्रास झाला, याचं कारण तेच.

पहिलं, वीज. बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, दोघींतून करंट तोच जातो, तरी एक 10.8 वर उभी राहते आणि दुसरी 8.4 वर बसते. जुनी संपलीय. न मारता 12.3 दाखवते म्हणून फसवते. आराम करताना कुणीही पैलवान दिसतो. आणि नव्या-जुन्याची जोडी कधीच लावायची नाही. चार्जिंगचा व्होल्टेज दोघींत सारखा वाटला जात नाही, एक उपाशी राहते, दुसरी उकळते. गणपतीतली नवीही आता दुकानात लोड टेस्टवर लावून घे, बरी असेल तर त्याच कंपनीची, त्याच क्षमतेची दुसरी आण.

वर तुझ्या 19.2 पैकी 17.3 च सेल्फला मिळतात. 1.9 व्होल्ट रस्त्यात गेले, त्यातले 1.5 एकट्या अर्थिंगच्या बाजूला. असला सेल्फ पाचशे अँपिअर सहज ओढतो. दीड गुणिले पाचशे, म्हणजे साडेसातशे वॅट. घरातली इस्त्री तुझ्या अर्थिंगच्या थिंबलात चालू आहे असं समज. दोन-तीन सेल्फ मारून जोडांना हाताचं बोट लाव, जो जोड चटका देईल तो तुझा चोर. बहुतेक केबल जिथे इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला बोल्टाने बसते तिथेच असेल. बोल्ट काढ, रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातूपर्यंत घास, थिंबलही घास. केबल थिंबलाजवळ सोलून बघ: तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर मीठ आत चढलंय, तेवढी केबल कापून टाक. नवी थिंबल दाबून बसव, घट्ट कर, नंतर ग्रीस लाव. आधी ग्रीस नाही. आणि रंग तर नाहीच.

दुसरं, डिझेल. पहिल्या तीन सेल्फला धूर नाही, म्हणजे तीन सेल्फ पंप नुसती हवा ढकलतोय. उभ्या बोटीत डिझेल उलटं टाकीकडे उतरतं, कारण टाकी आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) मध्ये कुठेतरी हवा शिरतेय. ओढणीच्या बाजूची गळती बाहेर ठिबकत नाही, आत हवा ओढते, म्हणून फडकं फिरवून ती सापडत नाही. तपास सोपा. उद्या सेल्फ मारायच्या आधी फीड पंपावरचा हात-पंप मार. सुरुवातीला पोकळ लागला आणि पंधरा-वीस दाबांनी कडक झाला, आणि मग इंजिन लवकर लागलं, तर संशय पक्का. मग फीड पंपाच्या आधीचा रबरी पाइप काढून तिथे हातभर पारदर्शक डिझेलचा पाइप लाव, एका रात्रीपुरता. सकाळी त्यात बुडबुडा दिसला तर टाकीच्या बाजूला शोध, भरलेला दिसला तर पंपाच्या बाजूला.

बदलायच्या वस्तू किरकोळ आहेत: जोडांवरचे तांब्याचे वॉशर, पाइपाच्या क्लिपा, हात-पंपाचं रबर, आणि प्री-फिल्टरच्या काचेखालचा वॉशर. तू नुकतेच फिल्टर बदललेस ना? जुना वॉशर नवीनसोबत राहिला, किंवा एकाच्या जागी दोन बसले, हे फार वेळा होतं. दारूखान्यात रे रोडला हे सगळं मुठीने मिळेल, फक्त तांब्याचे घेताना नरम केलेले माग.

एकच विनंती. दोन्ही कामं एका दिवशी करू नकोस. आधी वीज, मग दोन सकाळी बघ. मग डिझेल. नाहीतर कशाने बरं झालं ते तुला कधीच कळणार नाही.

मढचा_तांडेल

काका, आमच्या दोन बोटींचं अर्थिंग पण बघतो. स्प्रेचा डबा तेवढा परत घेत नाही दुकानदार.

वेसाव्याचा_पोर

बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा, मध्ये धंदा बरा होता.

चोर गिअरबॉक्सच्या बोल्टाखालीच निघाला. चटका बसला, फोड आलाय बोटाला. खाली रंगाचे चार थर, हिरवा, निळा, परत हिरवा, आणि कसला तरी चॉकलेटी, तो बाबांनाही आठवत नाही. केबल वीतभर काळी होती, कापली. जुन्या बॅटरीला लोड टेस्टवर दुकानदाराने नमस्कारच केला. नवी पास झाली, तिची जोडीदार घेतली. आता सेल्फ मारताना बॅटऱ्यांवर 21.7, सेल्फवर 21.2. फिरण्याचा आवाजच बदलला. आठ सेल्फचे चार झाले, पण पहिल्या दोनांना धूर नव्हताच.

मग पारदर्शक पाइप लावला. सकाळी अर्धा रिकामा. प्री-फिल्टरच्या काचेखाली खरंच दोन वॉशर होते, एक माझा नवा आणि एक जुना, चिकटून बसलेला. म्हणजे आधीची गळती वेगळी असेल, पण फिल्टर बदलून मी त्यात माझीही भर घातली. क्लिपा आणि तांब्याचे वॉशर सगळे बदलले. आता पहिल्याच सेल्फला धूर येतो आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन लागतं. शेजारच्या बोटीचे खलाशी आमच्या सेल्फच्या आवाजाने उठायचे, परवा त्यांचं पाणी चुकलं आणि शिव्या मला.

पण धूर अजून वीसेक सेकंद राहतो, आणि सुरुवातीला एखादा सिलिंडर उशिरा लागतोय असं वाटतं. नोझल काढून पंपवाल्याकडे नेले. सहापैकी चार ठीक. दोन धुक्यासारखं फवारायच्याऐवजी पिचकारी मारत होते, प्रेशरही कमी. त्या दोघांच्या नव्या टिप्स (नोझलची टोकं) उद्या मिळतील. कॉम्प्रेशनचं गेज कोणाकडे मिळेल? मेकॅनिक म्हणतो त्याच्याकडे अडॅप्टर नाही.

धक्क्यावरची_बाय

आमच्या त्या दुसऱ्या माणसाला सांगते. नोझल काढलेलेच आहेत तर आत्ताच मोजून घे, परत उघडायचे पैसे कशाला.

इंजिनरूम_निवृत्त

बाय म्हणतात तसंच कर, अडॅप्टर नोझलच्याच जागी बसतो. बॅटऱ्या पूर्ण चार्ज, सहाही नोझल बाहेर, स्टॉपचा दांडा ओढलेला, प्रत्येक सिलिंडर सारखा वेळ फिरव. एकटा आकडा किती आला याला फार महत्त्व देऊ नकोस, गार इंजिनावर तो कमीच येतो. सहांमध्ये फरक किती ते बघ. पाच सारखे आणि एक बराच खाली असेल तर आधी त्याच्या टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट मोज. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसला तरी कॉम्प्रेशन असंच पडतं आणि ते फिलर गेजने तासाभरात सुटतं. सगळेच खाली असतील तर जूनमध्ये मेकॅनिकला बोलाव, पण सहा आकड्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवून.

नोझल परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घाल, आणि जुना खाचेत चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघ. एकदा झालंय तुझं.